रजिस्टर, रकाने आणि बोर्ड

२०२५ च्या जानेवारीत बारावीची प्रवेशपत्रं ऑनलाइन आली, शाळांनी छापून घेतली, आणि त्यांवर ‘जात प्रवर्ग’ असा नवा रकाना निघाला. नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, विषय आणि त्याच कागदावर मुलाचा प्रवर्ग. ओरड झाली, व्हायलाच हवी होती. १८ जानेवारीला राज्य मंडळाने माघार घेतली आणि त्या रकान्याविना नवी प्रवेशपत्रं देण्याचं जाहीर केलं. ११ फेब्रुवारीला परीक्षा सुरू होणार होती, त्यामुळे शाळांच्या लिपिकांनी तीच छपाई पुन्हा पहिल्यापासून केली.

मंडळाने दिलेलं कारण पुष्कळांना पटलं नाही. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधली जातीची नोंद दुरुस्त होत नाही, पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी मुलं अडकतात, म्हणून पालकांना चूक वेळेत दिसावी, असं मंडळाचं म्हणणं. मी १९८७ ते २०२१ भोसरीतल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक होते. मला ते कारण लगेच समजलं. दाखल्यावरच्या एका चुकलेल्या शब्दापायी शिफ्ट बुडवून खेटे घालणारे बाप मी पाहिलेत. पण ती चूक दाखवायची जागा प्री-लिस्ट आहे. परीक्षेचे फॉर्म भरून झाले की बोर्डाकडून शाळेला ती यादी येते, एकेका मुलाला ऑफिसात बोलावून त्याच्या नावापुढे सही घ्यायची, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करायची. प्रवेशपत्र मुलगा खिशात घालून फिरतो. झेरॉक्सवाल्याकडे टाकतो, केंद्राच्या गेटवर दाखवतो, बाकावर ठेवतो, पर्यवेक्षक येऊन बघतात, शेजारची मुलं वाकून वाचतात. हा फरक ज्याने शाळेच्या ऑफिसात एक हंगाम काढलाय त्याला सांगावा लागत नाही. बोर्डात तो कुणाच्या लक्षात आला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. का नाही वाटलं, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

आमच्या शाळेत जनरल रजिस्टर लोखंडी कपाटात असे. लांबट, जाड पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं. रजिस्टर नंबर, पूर्ण नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. आईच्या नावाला जुन्या रजिस्टरांत जागाच नव्हती; तो रकाना आम्ही नंतर पट्टीने आखून घेतला. खाडाखोड चालायची नाही. दुरुस्ती लाल शाईने, शेजारी मुख्याध्यापकांची सही, आणि नाव, जात किंवा जन्मतारीख असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या आदेशाचा क्रमांक. प्राथमिक शाळेत याच वहीला दाखलखारीज म्हणतात. हे रजिस्टर कायमचं जपायचं असतं. शाळा बंद पडली तरी ते रद्दीत जात नाही.

या पट्ट्यात त्या वहीला वजन आलं ते कारखान्यांमुळे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉपं. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या ज्वारी-बाजरीच्या रानांत शेड उभ्या राहिल्या. कंपनीत लागायचं तर वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, आणि निवृत्तीची तारीखही त्यावरूनच. गावोगावच्या गुरुजींनी पोराला शाळेत घालताना सोयीने १ जून ही जन्मतारीख घालून दिलेली. त्यामुळे आमच्याकडे ३१ मेला निरोपसमारंभांची झुंबड उडते. जन्मतारखेच्या खरेपणाबद्दल फार बोलायला नको. पण कागदावर एकदा जे चढलं त्यावर माणसाची सगळी नोकरी उभी असते, हे कामगाराला पक्कं ठाऊक होतं. दाखला हातात पडला की तो तिथेच उभा राहून अक्षरन् अक्षर वाचून घ्यायचा.

नव्वदच्या दशकात एकदा एका लेबर काँट्रॅक्टरचा माणूस ऑफिसात आला. जूनचे दिवस, दहावीचा निकाल नुकताच लागलेला. त्याला नापास मुलांची यादी हवी होती, नाव-पत्त्यासकट. “हेल्पर म्हणून लावतो, पोरांचं भलंच होईल,” म्हणाला. बोलणं तसं खोटं नव्हतं. मी मुख्याध्यापकांकडे पाठवलं. सरांनी चहा पाजला आणि सांगितलं, “यादी मिळणार नाही. तुमची जाहिरात द्या, फळ्यावर लावतो. ज्याला यायचंय तो येईल.” तो गेल्यावर मी विचारलं, सर, असा काही नियम आहे का? ते म्हणाले, “नियम मला माहीत नाही. पालकांनी पत्ता शाळेला दिलाय, काँट्रॅक्टरला नाही.” कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या, एक त्यांच्याकडे आणि एक माझ्याकडे. आमच्या शाळेतली गोपनीयता म्हणायची तर एवढीच.

सतरा नंबरच्या फॉर्मवाल्यांची गोष्ट याच्या जवळची आहे. दहावी राहिलेली माणसं खासगी विद्यार्थी म्हणून तो फॉर्म भरतात, आणि या औद्योगिक पट्ट्यात त्यांना तोटा नव्हता. बीड, लातूर, उस्मानाबादकडून आलेले, लेथवर काम करणारे, पर्मनंट व्हायला दहावी पास हवी म्हणून तिशीत पुस्तकं उघडणारे. त्यातले बरेचजण खाली वाकून हळूच सांगायचे, “मॅडम, कंपनीच्या पत्त्यावर काही पाठवू नका. सुपरवायझरला कळलं तर पोरं हसतील.” मी घरचा पत्ता टाकायचे. बोर्डाच्या फॉर्मवर अशा विनंतीसाठी जागा नव्हती, आणि आम्हीही ती कधी मागितली नाही.

आता बोर्ड. मुळात मॅट्रिक ही मुंबई विद्यापीठाची परीक्षा. १९४९ पासून एस.एस.सी. सुरू झाली, १९६५ चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६६ पासून पुण्यात राज्य मंडळ कामाला लागलं. आजच्या धर्तीची दहावी १९७५ पासून. विभागीय मंडळं आता नऊ आहेत; पुणे विभागात पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर हे जिल्हे येतात.

या बोर्डाला गुप्तता पाळता येत नाही असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. परीक्षेच्या दिवसांत कस्टडीतून प्रश्नपत्रिका कशा निघतात ते मी पाहिलंय. परिरक्षक, त्याचा रनर, सीलबंद पाकिटं, बंदोबस्त, ठरलेल्या मिनिटाला पाकीट फोडणं. उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचं नाही, खूण करायची नाही, देवाचं नावही वर घालायचं नाही. बैठक क्रमांकावर होलोक्राफ्ट स्टिकर लागतं आणि बारकोड घेऊन गठ्ठा दुसऱ्याच ठिकाणच्या परीक्षकाकडे जातो. चाकणच्या पोराचा पेपर तपासणाऱ्याला हा पोरगा कुणाचा, कुठला, कोणत्या जातीचा, काही कळायला मार्ग नाही. मुलाची ओळख झाकण्याची इतकी कडक पद्धत आपल्याकडे दुसऱ्या कोणत्या सरकारी कामात असेल तर मला ती माहीत नाही. पेपरफुटी आणि कॉपीसाठी १९८२ पासून राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. पेपर फोडला तर कैद. मुलांचे फोन नंबर फोडले तर? त्यासाठी बोर्डाच्या कारभारात कुठलाच शब्द नव्हता.

म्हणजे बोर्डाने मूल परीक्षकापासून झाकलं आणि बाकी सगळ्या जगाला दाखवलं. माझ्या मते हा सगळा इतिहास एवढ्यात बसतो. गुणवत्ता यादी आठवा. पहिले येणारे, मुलींत पहिली, मागासवर्गीयांत पहिला. वर्तमानपत्रात फोटो, तोंडात पेढा, खाली शाळा, गाव, वडिलांचा व्यवसाय. जो परीक्षक मार्क देताना आंधळा ठेवला, त्याच्या मार्कांवरून मुलाची जात पहिल्या पानावर यायची, आणि कुणाला खटकायचं नाही. कौतुकच होतं ना ते! आमच्या भागातली एक मुलगी अशीच यादीत आली. तिचे वडील सेकंड शिफ्टहून घरी यायच्या आत एका क्लासवाल्याने फोटो मागून नेला होता आणि दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. मुलगी त्या क्लासला एक दिवसही गेली नव्हती. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात बोर्डाने गुणवत्ता यादी बंद केली. कारण दिलं ते जीवघेण्या स्पर्धेचं. मुलांच्या खासगीपणाबद्दल तेव्हा कुणी बोलत नव्हतं. तरी काम झालं, आणि बोर्डाच्या चांगल्या निर्णयांत मी तो वरच्या नंबरला धरते.

मग निकाल नेटवर आला. त्याआधी पेपरात बारीक टाइपात नंबर छापून यायचे. नंबर दिसला तर पास, आणि तो कुणाचा हे घरच्यांनाच माहीत. या एका बाबतीत जुनी पद्धत जास्त सभ्य होती. नेटवर बैठक क्रमांकासोबत आईचं नाव विचारायला लागले, सुरुवातीला त्याची पहिली तीन इंग्रजी अक्षरं. हेतू असा की परक्याने मुलाचा निकाल उघडू नये. कल्पना गोड होती. पण आमच्या चाळीत सगळ्यांना सगळ्यांच्या आया माहीत असतात, आणि वर्गातले नंबर ओळीने लागलेले. भोसरीत सायबर कॅफेवाले दहा-दहा रुपयांत निकाल काढून द्यायचे आणि नुसत्या अंदाजाने तीन अक्षरं टाकून अख्ख्या वर्गाचे गुण छापून ठेवायचे. आईचं नाव कागदोपत्री यावं म्हणून महाराष्ट्रातल्या बायकांनी किती वर्षं घालवली, आणि बोर्डाने त्याचं कुलूप केलं. कुलूप तरी धड लागायला हवं होतं.

खरा पालट झाला तो मात्र मार्कांमुळे नाही, पटामुळे झाला. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली. महसूल खात्याची माणसं वर्गात येऊन मुलं मोजून गेली, एकच मूल दोन शाळांत दाखवू नये म्हणून बोटाला मतदानासारखी शाई लावली. आमच्या पाचवीच्या पोरांना त्याची मजा वाटली, घरी जाऊन दाखवत होती. पण त्या पडताळणीत खोट्या पटाचे आकडे इतके निघाले की पुढे सरकारचा शाळेच्या शब्दावर विश्वास राहिला नाही. मग प्रत्येक मूल नावानिशी कॉम्प्युटरवर हवं झालं. २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली. जनरल रजिस्टरमधलं सगळं, शिवाय आधार, बँक खातं, उंची, वजन, रक्तगट. रक्तगटाचा रकाना बघून आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. पालक लॅबमध्ये पैसे भरून पोरांचं रक्त तपासून आणत होते, का, तर शाळेने चिठ्ठी पाठवली. ती माहिती कशाला लागणार, हे चिठ्ठीत नव्हतं, कारण ते आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

दिवसा सर्व्हर उघडायचा नाही. शिक्षक रात्री दोन-दोनला उठून माहिती भरायचे. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हते अशा शाळांनी गठ्ठे उचलले आणि नेट कॅफेत नेले, सोबत चिठ्ठीवर लिहिलेला शाळेचा यूजर आयडी आणि पासवर्ड. तो पासवर्ड म्हणजे आमच्या कपाटाची किल्लीच, फक्त ती आता मॉनिटरला चिकटवलेली. पुढे व्हॉट्सअॅप आलं आणि केंद्राच्या ग्रुपवर शाळांच्या एक्सेल शीट फिरू लागल्या: नाव, जन्मतारीख, आधार, मोबाइल. “ताबडतोब पाठवा” असा निरोप आला की कुणी विचार करत नसे. पाठवणाऱ्यांत वाईट माणूस एकही नव्हता. सगळे थकलेले होते.

आधारची सक्ती शाळाप्रवेशाला करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ ला, खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरलेला. निकाल वाचून मी मुख्याध्यापकांना दाखवला. ते हसले. आमच्या शाळेला त्याने काय फरक पडणार होता? पुढे संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार, हे आधार जुळलेल्या मुलांवरून ठरू लागलं. एखाद्या मुलाचं नाव दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं निघालं की तो पटावर असून नसल्यासारखा. आणि आमच्याकडे अशी मुलं किती! चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीज तिथेच आली, महाळुंगे, निघोजे, कुरुळी भरून गेली. बिहारमधला, उत्तर प्रदेशातला, मराठवाड्यातला बाप दोन वर्षांत तीनदा खोली बदलतो आणि पोर तीनदा शाळा. आडनाव कुठे लावलेलं, कुठे नाही. अशा मुलाच्या मास्तरची नोकरी त्याच्या आधारवर टांगली, तर मास्तर त्याच्या बापाला ‘हे ऐच्छिक आहे’ असं कशाला सांगेल?

२०२३ पासून ‘अपार’ आलं, बारा अंकी, प्रत्येक मुलाचा जन्मभराचा शैक्षणिक क्रमांक. त्याला पालकांचं लेखी संमतीपत्र लागतं, संमती काढूनही घेता येते आणि हे ऐच्छिक आहे असं केंद्र सरकार सांगतं. मी तेव्हा निवृत्त झाले होते, पण माझ्या खुर्चीवर आलेली मुलगी अडलं की फोन करते. तिने सांगितलं, संमतीपत्रं वर्गात वाटली आणि वरून रोज विचारणा, किती टक्के झालं? संमती जिथे टक्क्यांत मोजतात तिथे ती कशी घेतली जाते, हे सांगायला नको. बोर्डाचे फॉर्मही आधी सरलवरून भरले जात, नंतर यू-डायस प्लसमधल्या कायम क्रमांकावरून. म्हणजे मुलाची माहिती गोळा करणारं खातं एक, साठवणारं दुसरं आणि वापरणारं बोर्ड तिसरं. चूक झाली की तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. दहावीचा शेवटचा पेपर झाला की क्लासवाल्यांचे आणि कॉलेजवाल्यांचे फोन सुरू होतात, मुलाचं नाव घेऊन, शाळेचं नाव घेऊन. नंबर कुठून गेला हे शोधायला पालकाने कुणाच्या दारात उभं राहायचं?

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. शाळाशाळांची दाखलखारीज रजिस्टरं कपाटांतून बाहेर आली, काही मोडीतली, वाळवी लागलेली. खेड तालुक्यातली माणसं पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द शोधत फिरत होती. जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी संकेतस्थळांवर टाकल्या. ज्याला नोंद सापडली त्याच्या मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न सुटला. तो जातीचा रकाना गुरुजींनी तेव्हा भरला नसता तर? म्हणून मी नोंदच नको म्हणणाऱ्यांतली नाही. नोंद हवी, पक्की हवी, शंभर वर्षं टिकणारी हवी. ती कुणी, कधी, कशासाठी उघडायची, हे ठरलेलं हवं. शिवाय बोर्डाला उघडं करणंही जमतं: सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालाने विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरपत्रिका पाहायचा हक्क मिळाला, आणि आपलं बोर्ड आज उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतं. ज्याची त्याला, दुसऱ्याला नाही. हाच नियम बाकीच्या माहितीला लावायला कुणाची हरकत असावी?

आता केंद्राचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, ऑगस्ट २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकाची पडताळलेली संमती, आणि मुलांबाबतची जबाबदारी मोडली तर दोनशे कोटींपर्यंत दंड. सरकारी कामांना आणि शिक्षणसंस्थांना त्यात सवलती आहेत, म्हणून कायदा आला की सगळं आपोआप होईल या भरवशावर बोर्डाने राहू नये. जे पेपरासाठी करता येतं ते करावं. परिरक्षक नेमता येतो, तर प्रत्येक विभागीय मंडळात मुलांच्या माहितीला जबाबदार असा एक नावानिशी अधिकारी नेमता येईल. पाकीट कुणी, किती वाजता फोडलं याची नोंद ठेवता येते, तर मुलाची नोंद कुणी उघडली याचीही ठेवता येईल. आणि परीक्षेच्या फॉर्मवर प्रत्येक रकान्याखाली एक ओळ छापावी: ही माहिती कशासाठी, कोण पाहणार, किती वर्षं ठेवणार. ज्या रकान्याखाली ही ओळ लिहिता येणार नाही तो काढून टाकावा.

पालकांना माझं सांगणं थोडकं आहे. हिवाळ्यात शाळेतून प्री-लिस्टसाठी बोलावणं येतं, तेव्हा मुलाला एकट्याला पाठवू नका, अर्धा दिवस काढून स्वतः जा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग अक्षर लावून वाचा. अपारचं संमतीपत्र आलं तर आधी वाचा, मग सही करायची की नाही ते ठरवा. आणि ऑफिसातल्या बाईला विचारा, हा मोबाइल नंबर पुढे कुठे जातो? तिला उत्तर येणार नाही. तिने ते मुख्याध्यापकांना विचारावं, मुख्याध्यापकांनी बोर्डाला विचारावं, आणि बोर्डाने लेखी द्यावं.